आधी पान, मग फूल

विहाराच्या मागच्या भिंतीला लागून आमच्याकडे अर्धा गुंठा जागा आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे रुई, एरंड, वाळका टाकळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या असायच्या. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरे, महिला मंडळ आणि आम्ही चारजण विळे-खोरी घेऊन ती जागा साफ करायचो. साफ करणे म्हणजे सगळे मुळापासून उपटायचे, ढीग लावायचा आणि पेटवून द्यायचा. जयंतीच्या दिवशी जागा लख्ख दिसायची.

एका वर्षी ढिगाला काडी लावण्याआधी सातवीतली एक मुलगी रुईची फांदी घेऊन आली. पानांखाली चार अळ्या होत्या, पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. "ह्या जळतील की," ती म्हणाली. "किडं हायत, टाक," आम्ही म्हणालो. तिने फांदी टाकली नाही. घरी नेऊन तांब्यात ठेवली, रोज ताजे पान घातले. पंधरा दिवसांनी त्या घरातून केशरी फुलपाखरे उडाली आणि सगळी गल्ली बघायला जमली. पेठ वडगावच्या आमच्या वस्तीतली फुलपाखरांची बाग अशी सुरू झाली. सुरुवात आमच्या चुकीने झाली, हे आधीच सांगून टाकतो.

आरोग्याच्या पानावर फुलपाखरे कशाला, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही तसेच वाटले असते. पण ही अर्धा गुंठा जागा सांभाळताना आम्हाला एका पोराच्या डोळ्यासाठी दवाखान्यात धावावे लागले, डेंग्यूच्या डासाचे घर शोधावे लागले आणि आपल्या बायकांच्या ताटातून कोणत्या भाज्या गेल्या याचा हिशेब मांडावा लागला.

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजाराचे गाव. १९२० साली ज्या माणगावात परिषद भरली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून जाहीर केले, ते माणगाव आज याच तालुक्यात येते. गावाच्या चहूबाजूंना ऊस. उन्हाळ्यात अंगाची लाही होते. पावसाळ्यात गगनबावड्यासारखा धो-धो पाऊस इथे पडत नाही, पण पुरेसा पडतो. फुलपाखरांना अशी उबदार हवा मानवते. त्यांचे अंग आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. सकाळी पंख उन्हात पसरून अंग तापवल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. ऊन तर आमच्याकडे फुकट होते. जागा होती, माणसे होती. तरीही पहिली बाग फसली.

नर्सरीतून आम्ही दीड हजाराची रोपे आणली होती. पेटुनिया, शेवंती, दोन रंगांचा झेंडू. पोरांनी कडेला तिरक्या विटा लावून चुना फासला. फुलपाखरे आली, फुलांवर बसली, मध प्याली आणि भिंतीवरून पलीकडे निघून गेली. मे महिन्यात पेटुनिया करपली. पुढे पावसाळ्यातही फुलपाखरे पाहुण्यासारखी यायची, चहा घेऊन जायची. मुक्कामाला कोणी थांबेना.

कारण समजायला वर्ष गेले. फुलपाखरू फुलावर येते ते जेवायला. संसार मांडते ते पानावर. मादी पानावर उतरून पायांनी चव घेते आणि आपल्या पिलांना चालेल असेच पान असेल तर अंडे घालते. तीन ते पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते, दोन-तीन आठवडे नुसती खात सुटते, मग कोष करते. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून पंखांपर्यंतचा हा प्रवास साधारण महिनाभरात उरकतो. यात अडचण एकच आहे. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीक दोन-चार झाडांचीच पाने चालतात. ती मिळाली नाहीत तर ती उपाशी मरते, दुसरे पान खात नाही. पेटुनिया आली दक्षिण अमेरिकेतून. आमच्याकडच्या अळीला ती ओळखीची कशी असणार? आणि जी ओळखीची होती ती रुई आणि टाकळा तर आम्ही दरवर्षी जाळत होतो.

ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग केली आहे. ओवळेकर वाडी म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिथे जाळी नाही, पिंजरा नाही. अळीला लागणारी झाडे आणि मध देणारी झाडे शेजारी शेजारी लावली, आणि फुलपाखरे आपणहून राहिली. आंबोली घाटाखालचे पारपोली तर फुलपाखरांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. पण तिथे सह्याद्रीचे जंगल दाराशी आहे. आमच्या दाराशी ऊस आणि गटार. तरीही सूत्र तेच, आधी पान लावायचे आणि मग फूल.

एक झाड आमटीला, एक अळीला

पहिल्यांदा कढीपत्ता लावला, कारण त्याला पैसे पडत नाहीत. जुन्या झाडाच्या मुळातून फुटवे येतात. पावसात ते मुळासकट काढून लावले की बहुतेक जगतात. कढीपत्त्यावर आणि लिंबावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे लाइम बटरफ्लाय आणि काळे कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. यांची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना त्याची फार मजा वाटते. अळी चावत नाही, अंगाला खाजही आणत नाही. फक्त भूक भयंकर. हातभर उंचीचे रोप दोन अळ्या चार दिवसांत उघडे करतात. त्यावरून महिला मंडळात कुरकुर झाली, आणि मग नियम ठरला की एक झाड आमटीला, एक अळीला. आमटीच्या झाडावर अळी दिसली की ती अलगद फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची.

ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे मराठीतले नीलवंत, हेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. असे करणारे आपले पहिले राज्य. काळे मखमली पंख, त्यावर निळाई, आणि आकार तळहाताएवढा. आमच्या बागेत ते आजवर दोनदा आले, आणि दोन्ही वेळा मोबाइल काढेपर्यंत गेले.

विहारासमोरच्या पिंपळाची गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पिंपळ, उंबर, वड या कुळाच्या कोवळ्या पानांवर कॉमन क्रो नावाच्या तपकिरी-काळ्या फुलपाखराची अळी वाढते. तिचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. इतकी वर्षे आम्ही खाली बसून वंदना करत होतो आणि वर कोणाचा संसार चालला आहे याची आम्हाला दादच नव्हती. शाळेच्या आवारात असतो तो सरळसोट उंच हिरवा अशोक आणि घरामागचे सीताफळ यांवर टेल्ड जे नावाचे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू वाढते. एरंडावर कॅस्टर नावाचे. म्हणजे निम्मी बाग वस्तीत आधीपासून होतीच.

मधासाठी आम्ही तेरडा आणि पिवळी कोरांटी लावली. तेरडा पावसात फुलतो आणि कोरांटी दिवाळीच्या सुमारास, त्यामुळे सोय लांबते. शिवाय कोरांटीच्या पानावर लेमन पॅन्सीची अळीही वाढते, असा दुहेरी फायदा. बांधावरचा खुळखुळा, ज्याच्या शेंगा वाजवत आपण लहानपणी फिरलो, त्यावर टायगर जातीच्या फुलपाखरांचे नर गर्दी करतात. त्यातला एक कडू रस त्यांना मादीला भुलवण्यासाठी लागतो. एकदांडी परदेशातून आलेली असली तरी छोट्या फुलपाखरांना तिचा आधार आहे, म्हणून तिला हात लावत नाही. झेंडूही चार रोपे ठेवला. घाणेरी मात्र लावू नका. तिच्यावर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे, पण ती दुसरे काही उगवू देत नाही आणि शेळ्या-गुरांना विषारी आहे.

ज्यांच्या दारात मातीच नाही त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडून कढीपत्ता लावावा, नाहीतर पानफुटी. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरो नावाच्या चिमुकल्या फुलपाखराची अळी वाढते. वस्तीतल्या एका ताईंच्या पत्र्याच्या खोलीबाहेर, कट्ट्यावरच्या दोन डब्यांत हा कारभार बारमाही चालतो. मुतखड्यावर पानफुटीची पाने खाण्याची पद्धत आपल्याकडे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती खाऊ नये.

ज्याला आम्ही तण म्हणालो

टाकळा आम्ही लावला नाही. उपटायचा थांबलो, एवढेच. जुलैमध्ये तो गुडघ्याच्या वर गेला आणि फिकट पिवळ्या फुलपाखरांनी जागा भरून गेली. पण लोकांना ते दिसेना. "विहाराच्या मागं तण माजलंय, साप-किरडू निघंल," अशी तक्रार बैठकीत आली. खरे तर तक्रारीत तथ्य होते, म्हणून पायवाटेच्या आणि घरांच्या बाजूचे हातभर रान आजही आम्ही कापतोच. पण त्या बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एक आज्जी उठल्या. "तण कुणाला म्हणताय? ह्याच्या भाजीवर माझी चार पोरं वाढली. ऱ्हाऊ द्या त्ये." विषय तिथेच मिटला.

आज्जींनी मग भांगलणीचे दिवस सांगितले. मालकाच्या शेतात भांगलायला गेलेली बाई संध्याकाळी परतताना पदरात टाकळा, घोळ, तांदुळजा, पाथरी घेऊन यायची. मजुरी कधी मिळे, कधी राही, पण भाजी त्याच दिवशी चुलीवर चढायची. लसणाची फोडणी, मूठभर हरभऱ्याची डाळ, भाकरी. ज्या पाल्यावर फुलपाखरांची अळी वाढते तोच हा पाला. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे. घोळीवर डॅनेड एगफ्लाय, ज्याचा नर काळा, पंखावर पांढरे टिळे, आणि मादी मात्र रुईवरच्या केशरी फुलपाखराचे सोंग घेते. रुई खाल्ल्यामुळे ते केशरी फुलपाखरू कडू होते आणि पक्षी त्याला टाळतात. या मादीच्या अंगात कडूपणा नसतो, तिने फक्त रंग उचलला.

आता उसात तणनाशक मारतात. भांगलणीचे दिवस कमी झाले, म्हणजे बाईचा रोजगार कमी झाला. पदरातली भाजी गेली. आणि फुलपाखरूही गेले. तिघांचे पोट एकाच बांधावर होते, हे आम्हाला बागेमुळे कळले. नाहीतर फुलपाखरे वाचवणे हा बंगल्यातल्या लोकांचा छंद आहे, असेच आमचेही मत होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. टाकळा-घोळ खाऊन हे दुखणे बरे होईल असे आम्ही म्हणत नाही. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या घ्याच. पण पावसाळ्यात, बाजारातली भाजी महाग असते तेव्हा, ताटात हिरवा पाला फुकट येत असेल तर तो सोडू नये. काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. टाकळ्याची कोवळी पाने शिजवूनच खावी, जून पाल्याने पोट सुटते. मुतखडा असलेल्याने घोळ बेताने खावी. तणनाशक मारलेल्या बांधावरचा पाला, तो हिरवा दिसला तरी, घरात आणू नये. कोणत्या शेतात कधी फवारले हे मजूर बायकांनाच सर्वांत आधी माहीत असते, त्यांनी एकमेकींना सांगावे. आणि टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा ओळखायला शिकावे. त्याची पाने टोकदार, वास उग्र, शेंगा चपट्या. पश्चिम उत्तर प्रदेशात या शेंगांतल्या बिया खाऊन अनेक लहान मुले दगावली. आधी त्याला मेंदूज्वर समजले जात होते, पुढे डॉक्टरांच्या तपासात खरे कारण कळले. खेळता खेळता मुले शेंगा तोंडात घालतात. म्हणून आम्ही कासविंदा ठेवत नाही.

रुई ठेवायची की काढायची

दुसऱ्या वर्षी भांडण झाले ते रुईवरून. पाचवीतला एक मुलगा अळ्या दाखवायला पान तोडत होता, चीक बोटाला लागला आणि त्याच बोटाने त्याने डोळा चोळला. सुरुवातीला दुखले नाही, म्हणून त्याने घरी सांगितले नाही. संध्याकाळी डोळा लाल आणि दिसायला धूसर. रुईच्या चिकाची हीच लबाडी आहे. तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आणतो, पण दुखणे कमी असल्याने माणूस गाफील राहतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, थेंब चालू झाले, काही दिवसांत नजर पूर्ववत झाली. पण ते काही दिवस आम्ही त्या घरासमोरून जाताना मान वर करत नव्हतो.

रुई मुळासकट काढा, असे निम्म्या वस्तीचे म्हणणे पडले. काढली असती तर कोणी आम्हाला दोष दिला नसता. पण रुई वस्तीत इतरत्र होतीच, रस्त्याकडेला, ओढ्याला, शाळेच्या वाटेवर. बागेतली काढून मुले सुरक्षित झाली नसती, फक्त आमची जबाबदारी संपली असती. शेवटी रुई मागच्या कोपऱ्यात हलवली, पुढे काट्यांचे कुंपण केले आणि प्रत्येक मुलाला तीन वाक्ये पाठ करायला लावली. चीक हाताला लागला तर साबणाने धू. डोळ्यात गेला तर चोळू नको, स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे धर. आणि दुखत नसले तरी मोठ्या माणसाला सांग. हे पाठांतर वस्तीतल्या आयांनाही झाले आहे. काटा मोडला किंवा दाढ दुखली म्हणून रुईचा चीक लावण्याची जुनी सवयही यानिमित्ताने सुटत आली आहे, तेवढे बरे झाले.

एरंडाच्या बिया विषारी आहेत, म्हणून त्याचे घोस पिकण्याआधीच कापतो. कण्हेर लावली नाही. तिचा प्रत्येक भाग हृदयाला घातक असतो. एकाने हौसेने ईश्वरीचा वेल आणून दिला. त्यावर लाल अंगाची सुंदर फुलपाखरे वाढतात, क्रिमसन रोज आणि कॉमन रोज. मनात फार होते, पण परत केला. गावाकडे सापाच्या विषावर आणि पोटदुखीवर ईश्वरीचे मूळ देतात. त्यातले द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक म्हणून नोंदवले आहे. वेल विहाराच्या मागे असता तर कोणी ना कोणी रात्री-अपरात्री मूळ उकरायला आलेच असते. साप चावला तर मूळ नाही, मांत्रिक नाही. जवळचे सरकारी रुग्णालय, नाहीतर कोल्हापूरचे सीपीआर. तिथे प्रतिविषाची लस मिळते.

अळ्यांच्या भीतीबद्दलही थोडे. अंगाला खाज आणतात ते केसाळ सुरवंट, आणि ते बहुतेक पतंगांचे असतात. पावसाळ्यात शेवग्याच्या बुंध्यावर त्यांचा थर बसतो. हात लागला तर चोळायचे नाही. चिकटपट्टी लावून केस ओढून काढायचे आणि साबणाने धुवायचे. कढीपत्त्यावरच्या आणि रुईवरच्या अळ्या अशा नसतात.

डास कुठे सापडले

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये गल्लीत एका तरुणाला डेंग्यू झाला. "झाडं लावली, डास आलं," हे लगेच ऐकावे लागले. आम्ही आशाताईंना बरोबर घेऊन घरोघर टॉर्च मारत फिरलो. डेंग्यूचा एडिस डास झाडाच्या पानावर जन्मत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, दिवसा चावतो. अळ्या सापडल्या पिण्याच्या पिंपात, पत्र्यावर ठेवलेल्या टायरमध्ये, एका फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. आणि विहाराच्या मागे, फुलपाखरांना पाणी म्हणून आम्ही भरून ठेवलेल्या मातीच्या पसरट परळात.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे, कारण असे परळ ठेवा म्हणून सांगणारे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. फुलपाखराला उघडे पाणी लागतच नाही. नरांना हवी असते ओली माती, त्यातले क्षार शोषण्यासाठी. आता आम्ही परळात वाळू आणि थोडी माती भरतो, चिमूटभर मीठ टाकतो आणि ती ओलसर राहील एवढेच पाणी शिंपडतो. वर पाणी तरंगू देत नाही. दर रविवारी वंदनेनंतर वस्तीत कोरडा दिवस पाळतो. पिंपे रिकामी करून आतून घासायची, कारण डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. रिकामी न करता येणाऱ्या टाकीत गप्पी मासे सोडायचे. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, हेही लोकांना सांगतो.

डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, गुंगी यांतले काहीही दिसले तर रुग्णाला घरी ठेवू नका, विशेषतः ताप उतरल्यावर. तो तरुण बरा झाला, आज तोच पिंपांची तपासणी करतो.

डास मारला तर पहिले शील मोडते का, असे एका पोराने भरल्या विहारात विचारले. मोठी माणसे एकमेकांकडे बघू लागली. आज्जींनीच उत्तर दिले: "जलमूच देऊ नगंस. पानी वत."

बागेत विषारी फवारा मारायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. आमच्या वस्तीतली माणसे दुसऱ्यांच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारतात. निदान स्वतःच्या अंगणात तरी त्यांना तो वास नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मावा पडला तर पाण्याची जोराची धार पुरते. आणि औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी तो पाणी भरायला, रोप लावायलासुद्धा, वापरायचा नाही. भोक पाडून निकामी करायचा.

लागवडीचे दिवस

आमचे वेळापत्रक आपल्या सणांवर बसवले आहे, म्हणजे विसरत नाही. १४ एप्रिलला आता जाळत नाही. प्लास्टिक तेवढे गोळा करतो आणि खड्डे घेतो. बुद्ध पौर्णिमेपर्यंत खड्ड्यांत शेणखत आणि पालापाचोळा भरून ते तापू देतो. आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या सुमारास, रोपे लावतो. वर्षावासाची कथा इथे आठवते. पूर्वी भिक्खू भर पावसातही फिरत; कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. आम्हीही ते तीन महिने बागेत पाय कमीच ठेवतो. सम्राट अशोकाच्या गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या उपचाराबरोबर जनावरांच्या उपचाराची सोय केल्याचे कोरले आहे, आणि औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे नेऊन लावल्याचेही. आम्ही काही नेऊन लावले नाही. होते ते उपटायचे थांबलो.

सकाळचे ऊन येणारी आणि वारा अडलेली जागा निवडा. एकाच जातीची तीन-चार रोपे जवळ जवळ लावा. सुटे रोप मादीला सापडत नाही, आणि सापडले तर अळ्या ते संपवतात. पहिल्या वर्षी फार अपेक्षा धरू नका. अंडी शंभर दिसली तरी फुलपाखरे मोजकीच होतात. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या आणि पक्षी आपला वाटा घेतात. बरणीत अळ्या कोंडून वाढवू नका, त्या कुजतात. सप्टेंबर हा देशभर फुलपाखरू महिना म्हणून पाळला जातो; त्या महिन्यात आमची मुले रोज दहा मिनिटे मोजणी करून वहीत लिहितात. सर्वांत जास्त आकडे येतात ते ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास. गेल्या वर्षी ती पहिली मुलगी, जिने फांदी घरी नेली होती, वहीत सतरा जातींची नावे लिहून घेऊन आली. दोन नावे आम्हाला वाचता येईनात; तिनेच पुस्तकात दाखवली.

टाकळा, तेरडा, कोरांटी, खुळखुळा यांचे बी नोव्हेंबरात धरते. ते आम्ही वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून, वर नाव घालून विहारातल्या कपाटात ठेवतो. कढीपत्त्याचे फुटवे जूनमध्ये मिळतात. वडगाव बाजाराला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी वंदनेच्या वेळी यावे. पुडी फुकट आहे, फुटव्यासाठी पिशवी घरून आणावी.